नोव्हेंबरात कुठे होतास?

आता पुरे.

स्पर्धेचे संघ जाहीर होतात तो सिलेक्शन संडे होऊन तीन आठवडे उलटले. 7 एप्रिल 2025 ला सॅन अँटोनिओत कॉलेज बास्केटबॉलची फायनल झाली. आपल्याकडे मंगळवारची सकाळ होती. सव्वासहाला मी लॅपटॉप लावून बसलो होतो. बारा गुणांनी मागे पडलेल्या फ्लोरिडाने ह्यूस्टनला गाठलं आणि 65-63 असं हरवलं. शेवटच्या ताब्यात ह्यूस्टनला साधा शॉट घेता आला नाही. शूटर हवेत उडाला, फ्लोरिडाचा क्लेटन समोर झेपावला, आणि चेंडू हातातून खाली सोडण्यावाचून त्या पोराला गत्यंतर उरलं नाही. वर्षभर ज्या बचावावर ह्यूस्टनने सामने जिंकले, तसल्याच बचावापुढे त्यांचा शेवट झाला. असं बास्केटबॉल वर्षातून एकदा बघायला मिळतं.

अर्ध्या तासात अमेरिकेतून तुझा फोन. मला वाटलं, पोरगं त्या शेवटच्या ताब्याबद्दल बोलेल. तू काय बोललास? "सर, आम्हाला दोन पायऱ्या खाली सीड दिलं, नाहीतर..."

नाहीतर काय? मानांकन काहीही असो, तुझ्या विद्यापीठाचा संघ पहिल्याच फेरीत हरला. दुसऱ्या हाफमध्ये तुमच्या गार्डांनी एकामागून एक चेंडू घालवले, ते मी इथे बसून मोजले. तू मोजलेस का? तुला टर्नओव्हर किती झाले ते सांगता येत नाही, पण टीव्हीवरच्या कुठल्या विश्लेषकाने तुमच्या संघाचं नाव किती सेकंद घेतलं, ते पाठ आहे.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच. मधेच उत्तर लिहायला घेऊ नकोस.

आधी तुझं जे खरं आहे ते देऊन टाकतो, म्हणजे नंतर त्याच्याआड लपायला जागा राहणार नाही.

यंदा नॉर्थ कॅरोलायनाला प्रवेश मिळाला, त्याने तुझं डोकं फिरलं. फिरण्यासारखंच होतं. क्वाड वन म्हणजे सगळ्यात कठीण सामने: घरच्या मैदानावर क्रमवारीतल्या पहिल्या तिसांतला संघ, तटस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतला, परक्या मैदानावर पहिल्या पंचाहत्तरांतला. असे तेरा सामने ते खेळले आणि जिंकले किती? एक. 1-12 अशी नोंद असलेला संघ आत, आणि निवड समितीचा अध्यक्ष कोण, तर त्याच विद्यापीठाचा क्रीडा संचालक. आपल्या संघाचा विषय निघाला की सदस्याने खोलीबाहेर जायचं असा नियम आहे, आणि तो बाहेर गेलाही. तरी बघणाऱ्याला जे वाटायचं ते वाटलंच. वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिलं तर त्या राज्याच्या गव्हर्नरने पत्रकार परिषद घेतली. मान्य. नंतर त्याच नॉर्थ कॅरोलायनाने डेटनमधल्या पात्रता सामन्यात सॅन दिएगो स्टेटला 95-68 असं धुतलं, आणि पुढच्याच सामन्यात ओल मिसकडून हरून घरी गेलं. दोन्ही बाजूंच्या भांडखोरांना पुरावा मिळाला. तेही मान्य.

आणखी एक मान्य करतो, कारण ते तू कधीच बोलत नाहीस आणि खरा अन्याय तिथेच आहे. मोठी विद्यापीठं लहान संघाला पैसे मोजून आपल्या जिममध्ये बोलावतात, हरवतात आणि परत पाठवतात. पण त्या लहान संघाच्या जिममध्ये खेळायला जायला ती तयार होत नाहीत. मग त्या लहान संघाने क्वाड वनचा विजय आणायचा कुठून? डाव मांडतानाच पट तिरका. हे मार्चमध्ये ठरत नाही, आदल्या उन्हाळ्यात वेळापत्रकं जुळवताना ठरतं. तेव्हा कुणी ओरडत नाही. तू तर नाहीच नाही. तेव्हा तुला वेळापत्रक जाहीर झाल्याचाही पत्ता नसतो.

आणि टीव्ही? 2010 मध्ये सीबीएस आणि टर्नरने या स्पर्धेसाठी 14 वर्षांचे 1080 कोटी डॉलर मोजले. एवढे पैसे ओतणारा माणूस ज्याच्या नावाने गिऱ्हाईक थांबतं त्याचंच नाव घेणार. ड्यूकचं घेणार, केंटकीचं घेणार. बाजारपेठेत कुठला व्यापारी गल्लीच्या तोंडाशी कमी खपाचा माल मांडून ठेवतो? तू व्यापाऱ्याच्या घरात वाढलास. हे तुला मी शिकवायचं?

झालं. तुझं होतं तेवढं सगळं दिलं. आता तुझ्याकडे वळतो.

डिसेंबरात तुमचा संघ स्वतःच्या जिममध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांपुढे, क्रमवारीत तीनशेच्याही खाली असलेल्या संघाकडून हरला. चार गुणांनी. अकरा फ्री थ्रो चुकले होते. मी बॉक्स स्कोअर काढून बघितला. तू? जानेवारीत मी विचारलं तेव्हा म्हणालास, "सर, तो सामना मी बघितला नाही, त्या दिवशी थंडी फार होती."

थंडी फार होती!

फ्री थ्रो म्हणजे काय ते तुला मी नववीत शिकवलं. पंधरा फुटांवरून मारायचा. समोर हात वर करून कुणी उभा नाही. घड्याळ थांबलेलं. त्या वेळी निवड समिती येते का मनगट धरायला? ईएसपीएनवाले येतात का कानात ओरडायला? बारा माणसं मार्चमध्ये इंडियानापोलिसला बसतात आणि पानावर जे लिहिलेलं आहे ते वाचतात. ते पान नोव्हेंबरपासून भरत येतं. डिसेंबरातल्या त्या रात्री त्यावर एक डाग पडला आणि तो डाग तुमच्याच पोरांनी पाडला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि पोहऱ्याला शिव्या देऊन काय होणार?

तुला हे कळत नाही असं असतं तर मी एक ओळ लिहिली नसती. ज्याला खेळ कळत नाही त्याने आरडाओरडा करावा, त्याचा तेवढाच आनंद. पण तुला कळतं. झोन बचाव कुठून फुटतोय हे तू चौदाव्या वर्षी बाकावर बसून मला सांगायचास. म्हणून राग येतो. डोळे असलेल्या माणसाने डोळे मिटून बोंब मारायची, हे मला बघवत नाही.

सीड ठरतं कसं, हे तरी वाचलंस का? अडुसष्ट संघ आधी एका ओळीत लावतात, एक ते अडुसष्ट. मग चार विभागांत वाटतात. एकाच कॉन्फरन्सचे वरचे संघ एका विभागात येऊ नयेत, नियमित हंगामात भेटलेले संघ लगेच समोर येऊ नयेत, शक्यतो प्रवास कमी व्हावा. ब्रिगहॅम यंगचा संघ रविवारी खेळत नाही, त्याला गुरुवार-शनिवारच्याच मैदानावर बसवावं लागतं. हे सगळं जुळवताना एखादा संघ एखादी पायरी वर किंवा खाली सरकतो. सरकवायची मुभा नियमातच आहे. नियम छापलेले आहेत, कुणीही वाचावेत. यंदा तर 'विन्स अबव्ह बबल' नावाचा नवा आकडाही समितीच्या कागदावर आला. काठावरच्या एखाद्या संघाने तुमचंच वेळापत्रक खेळलं असतं तर त्याने किती सामने जिंकले असते, त्यापेक्षा तुम्ही किती जास्त जिंकलात, ते तो सांगतो. कमकुवत कॉन्फरन्समधल्या संघाची बाजू मांडायला हा सरळ आकडा. तुझ्या तोंडून तो शब्द एकदाही ऐकला नाही. तुझ्या तोंडात एकच शब्द: डिसरिस्पेक्ट.

ड्रेकचं नाव ऐकलंस ना? आयोवातलं, डे मॉइनचं. तुमच्यासारखंच मिड-मेजर, म्हणजे लहान कॉन्फरन्समधलं. यंदा त्यांच्याकडे नवा कोच आला, बेन मॅककॉलम. डिव्हिजन टूमधून आला आणि येताना तिथले आपले चार खेळाडू घेऊन आला. डिव्हिजन टू! मोठ्या संघांच्या नजरेत न भरलेली पोरं. तीस सामने जिंकले, तीन हरले. आणि सीड काय मिळालं? अकरा. तीस विजय आणि अकरावं सीड. मान मिळाला नाही असं म्हणायचा अधिकार यंदा कुणाला असेल तर त्यांना होता.

त्यांनी काय केलं? सहाव्या सीडच्या मिझुरीला 67-57 असं हरवलं. मिझुरी पळणारा संघ. ड्रेकने पळूच दिलं नाही. चेंडू हातात ठेवायचा, घड्याळ उतरवायचं, शेवटच्या सेकंदांत चांगला शॉट शोधायचा, आणि परत जाऊन बचावाला उभं राहायचं. कंटाळवाणं वाटेल इतकं शिस्तीचं बास्केटबॉल. पुढच्या फेरीत टेक्सास टेकने त्यांना हरवलं. संपलं. पण अकरावं सीड देणाऱ्या समितीला जे उत्तर द्यायचं ते त्यांनी चाळीस मिनिटांत देऊन टाकलं. तुमच्या पोरांनाही तेवढीच चाळीस मिनिटं मिळाली होती. रिंग दहा फुटांवरच होती. चेंडू तोच होता.

2011 आठवतं? तू तेव्हा शाळेत होतास, मीच तुला सांगितलं होतं. व्हीसीयूला प्रवेश दिला म्हणून टीव्हीवरच्या नामवंत विश्लेषकांनी समितीची सालटी काढली. हा संघ इथे आलाच कसा, असा सूर होता. त्याच वर्षी स्पर्धा अडुसष्ट संघांची झाली होती आणि त्यांना थेट पहिल्या फेरीतही घेतलं नव्हतं, आधी डेटनला जाऊन पात्रतेचा सामना खेळा म्हणून पाठवलं. तिथून निघाले ते यूएससी, जॉर्जटाऊन, पर्ड्यू, फ्लोरिडा स्टेट अशी रांग पाडत गेले आणि शेवटी पहिल्या सीडच्या कॅन्ससला 71-61 हरवून फायनल फोरला पोचले. अपमान त्यांचाही झाला होता, तुमच्यापेक्षा दसपट झाला होता. त्यांनी तो चुलीत घातला आणि त्यावर भाकरी भाजली. तू तो डब्यात घालून तीन आठवडे मिरवतो आहेस.

आणि सबब आयती हातात असताना ती न वापरणारे लोक दाखवू? व्हर्जिनिया, 2018. पहिलं सीड. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर पहिल्या सीडने सोळाव्या सीडविरुद्ध एकही सामना हरलेला नव्हता, 135-0. आणि सोळाव्या सीडच्या यूएमबीसीने त्यांना 74-54 असं लोळवलं. वीस गुणांनी. सगळ्या देशाने दात काढले. त्यांचा डीआंड्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसला होता. आपला मोहरा नव्हता, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. कोच टोनी बेनेट समोर बसला आणि आम्हाला त्यांनी सपशेल हरवलं, हे सरळ कबूल केलं. पुढच्या वर्षी तोच संघ, तोच कोच, मिनिआपोलिसला टेक्सास टेकविरुद्ध फायनल, एक्स्ट्रा टाइम, 85-77. हंटरने सत्तावीस गुण केले. वर्षभर त्यांच्या कानावर तो एकच पराभव पडत होता. कुठल्या समितीने त्यांना काही उचलून दिलं का?

तुझं हे मान-मान ऐकताना मला लग्नातला रुसलेला व्याही आठवतो. सीमांतपूजनाला पाय आधी कुणाचे धुतले, आहेराची साडी कुणाला हलकी दिली, पंगतीत पाट कुठे मांडला. मांडवात पोराचं लग्न लागतंय आणि हा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला. अक्षता पडून गेल्या तरी याला पत्ता नाही. तुझंही लग्न लागून गेलं, बाबा. फायनल झाली. तू अजून पाटच मोजत बसला आहेस.

खरं सांगू? मला बास्केटबॉलची एवढी काळजी नाही. फेब्रुवारीत तुझं प्रमोशन हुकलं तेव्हा फोनवर काय म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "सर, इथे आपल्याला कुणी मोजत नाही." मी विचारलं, तुझा अहवाल वेळेत गेला होता का? तू विषय बदललास. मी सोडून दिलं, कारण मन दुखलेलं होतं. आता कळतं, सोडायला नको होतं. संघाच्या नावाने तू जे बोलतोस तेच स्वतःच्या नावाने बोलायला लागला आहेस. ही सवय आधी खेळात लागते, मग हाडात मुरते. आणि तू तुझ्या नोकरीच्या कामात वाकबगार आहेस, म्हणून तर मला ते जास्त बोचतं.

मान कुणाला मिळाला नाही, ते तुला बघायचंय? 2021 ला जा. पुरुषांची स्पर्धा इंडियानात, बायकांची सॅन अँटोनिओत. पुरुषांना व्यायामाला सुसज्ज दालन. बायकांना डंबेलचा एक छोटा स्टँड. एक! ओरेगॉनच्या एका खेळाडूने त्याचा व्हिडिओ काढला, सगळ्या देशाने पाहिला, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. 'मार्च मॅडनेस' हे स्पर्धेचं गाजलेलं नाव वापरायलासुद्धा 2022 पर्यंत बायकांच्या स्पर्धेला परवानगी नव्हती. अडुसष्ट संघही त्यांना त्याच वर्षी मिळाले. याला म्हणतात अवहेलना. त्या पोरी खेळत राहिल्या. 2024 ला साऊथ कॅरोलायना आणि आयोवाची फायनल अमेरिकेत 1 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. पुरुषांची फायनल 1 कोटी 50 लाखांच्या आत राहिली. पहिल्यांदा असं घडलं.

तुझ्या विद्यापीठाचा बायकांचा संघ यंदा किती सामने जिंकला? सांग. मी थांबतो.

तुला माहीत नाही. तिकीट स्वस्त, जिम तेच, तुझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. एकदाही गेला नाहीस. आणि तू मला मानाच्या गोष्टी सांगतोस.

2022 च्या मार्चमध्ये तू जर्सी सिटीला होतास. जर्नल स्क्वेअरजवळ खोली होती. इंडिया स्क्वेअरला जेवायला जायचास, तिथले फोटो पाठवायचास. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर केनेडी बुलेव्हार्डवर सेंट पीटर्स. लहानसं विद्यापीठ, पंधरावं सीड. दुसऱ्या सीडच्या केंटकीला एक्स्ट्रा टाइममध्ये 85-79 हरवलं, मग मरे स्टेटला, मग पर्ड्यूला 67-64. पंधरावं सीड एलिट एटपर्यंत जाण्याची ती पहिलीच वेळ. केंटकीच्या रात्री तू मला फोन केलास. गळा दाटून आला होता. "सर, आपल्या गल्लीतली टीम!" मलाही भरून आलं. मग मी विचारलं, हंगामात किती सामने बघितलेस तिथे जाऊन? तू म्हणालास, "नाही जमलं."

'आपली' म्हणायला जमलं, जायला नाही जमलं. हा 'आम्ही' शब्द तू फार स्वस्त केलास. आम्ही जिंकलो, आम्हाला डावललं, आमचं सीड. हिवाळ्याच्या पहाटे उठून शंभर फ्री थ्रो मारणारा पोरगा 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्याला अर्थ असतो. रिकाम्या जिममध्ये नोव्हेंबरात टाळ्या वाजवणारा म्हातारा 'आम्ही' म्हणतो, त्यालाही आहे. तू उंटावर बसून शेळ्या हाकणार आणि शेळी हरवली की धनगराआधी तू गळा काढणार?

त्या सेंट पीटर्सचा कोच शहीन हॉलोवे नंतर सीटन हॉलला गेला, त्याच राज्यात. 2024 मध्ये सिलेक्शन संडेला सीटन हॉलला वगळलं. बिग ईस्टसारख्या तगड्या कॉन्फरन्समध्ये वीसपैकी तेरा सामने जिंकूनही वगळलं. त्याच दिवशी इंडियाना स्टेटलाही वगळलं. त्यांचे अठ्ठावीस विजय होते. मग दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेचं, एनआयटीचं, बोलावणं आलं. त्या वर्षी कितीतरी मोठ्या संघांनी ते नाकारलं. ओक्लाहोमा, पिट्सबर्ग, सेंट जॉन्स. त्यांची कारणं त्यांच्यापाशी. सीटन हॉल खेळलं. इंडियाना स्टेट खेळलं. दोघं फायनलला भेटले, इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाऊसमध्ये, बास्केटबॉलच्या त्या जुन्या देवळात. सीटन हॉल 79, इंडियाना स्टेट 77. ज्यांना दारातून परत पाठवलं त्या दोघांनी त्या वर्षातला एक उत्तम सामना खेळून दाखवला. मी तो पुन्हा दोनदा बघितला. तुला लिंक पाठवली होती. उघडलीस का? नाही. तुझ्या लेखी ती 'हरलेल्यांची स्पर्धा'. उद्या तुमच्या संघाला एनआयटीत जावं लागलं तर तूच पहिला म्हणशील, नकोच खेळायला. पोरांना खेळायला मिळतंय, त्यांच्यातल्या काहींचा तो शेवटचा सामना असेल, हे तुझ्या डोक्यातही येणार नाही.

आता एक जुनी गोष्ट. तू विसरला असशील, मी नाही.

नववीत होतास. आंतरशालेय स्पर्धा. आपल्याला पहिल्याच फेरीत गतविजेत्यांसमोर टाकलं. चिठ्ठ्या टाकल्या म्हणाले. चिठ्ठ्या टाकताना आपल्यातल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. सगळी पोरं हिरमुसली. एका पालकाने तर तक्रारअर्ज लिहायला घेतला. कॅप्टन रडकुंडीला आला. तू घोटा मुरगळून बाकावर होतास, पायाला क्रेप बँडेज. मी खोलीत आलो तेव्हा तू एकट्यानेच मला विचारलंस, "सर, त्यांचा पाच नंबर डावीकडे वळताना चेंडू छातीपर्यंत वर घेतो. आपला कुणी तिथे हात घालेल का?"

तू आदल्या दिवशी लंगडत जाऊन त्यांचा सराव बघून आला होतास. वहीत पेन्सिलीने कोर्ट काढलं होतंस. कुठून शॉट गेले तिथे फुली, पडले तिथे गोल. पाच नंबरच्या पुढे तीन वेळा अधोरेखित: 'डावीकडे सैल'.

सिमेंटच्या त्या तापलेल्या कोर्टावर आपण तीन गुणांनी हरलो. पाच नंबरकडून चार वेळा चेंडू हिसकावला. परत येताना एसटीत कुणी चिठ्ठ्यांचं नाव काढलं नाही. तू दुसऱ्या हाफला बँडेजवर बूट चढवून हट्टाने दहा मिनिटं खेळला होतास. खिडकीशी बसून तू मला म्हणालास, "मी दोनदा बॉक्स आऊट केलं नाही, सर. दोन्ही वेळा त्यांनी रिबाउंड घेऊन बास्केट केली." चार गुण. आपण हरलो तीनने. चौदा वर्षांच्या पोराने तो हिशेब एसटीत बसून स्वतः मांडला होता. कुणी विचारलं नव्हतं.

ती वही माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात, वरच्या खणात. तुझ्या तीन आठवड्यांच्या बडबडीनंतर काल काढून बघितली. त्या वहीत पंचांबद्दल एक ओळ नाही. चिठ्ठ्यांबद्दल नाही. वर्तमानपत्रात आपल्या शाळेचं नाव आलं की नाही, याबद्दलही नाही. फक्त फुल्या आणि गोल.

त्या पोराला विद्यापीठाने बिघडवलं नाही, अमेरिकेने बिघडवलं नाही. त्यानेच पेन्सिल खाली ठेवली. पेन्सिल चालवायला बघावं लागतं, बघायला उठावं लागतं, आणि उठून बघितलं की कधीकधी आपल्याच संघाचं उणं दिसतं. त्यापेक्षा समितीला शिव्या घालणं सोपं. बसल्या जागी होतं. थंडीतही होतं.

पुढचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. तुमच्या जिममध्ये पहिला सामना कुठल्यातरी अनोळखी संघाशी असेल आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील. जा. एकटा जा, नाहीतर लेकीला घेऊन जा. बायकांच्या संघाचाही पहिला सामना बघ. फोन खिशात ठेव. साधी शंभर पानी वही ने, पेन्सिल ने, कोर्ट काढ. कोण फ्री थ्रो चुकवतो, कोण बॉक्स आऊट करत नाही, कोण डावीकडे सैल आहे, लिहून काढ. मग मार्चमध्ये तुझ्या संघावर अन्याय झाला असं तुला वाटलं, तर मला फोन कर. त्या दिवशी मी तुझ्या बाजूने भांडेन.

तोवर सीडचा विषय माझ्यापाशी काढायचा नाही. पहिल्या सामन्याचा शॉट चार्ट मात्र पाठव. मी वाट बघतो.